एक ब्रांच वाढवली

बेंगळुरूला आलो तेव्हा शिक्षण नववी, आणि गाठीला सॉफ्टवेअर कंपनीतल्या एका ताईंनी टाकलेला विश्वास. ताई जळगावकडच्या असोद्याच्या, मी धुळ्याकडच्या दोंडाईच्याचा. "तीन महिने बघू. जमलं तर कायम," त्या म्हणाल्या होत्या.

कामाची रीत सोपी. मूळ कोडमधून आपली ब्रांच, म्हणजे स्वतःपुरती प्रत, काढायची, तिच्यावर काम करायचं, ते तपासून मूळ कोडमध्ये मिसळलं की ब्रांच बंद करायची. मला ते शेवटचंच होत नसे. पडद्यावर सगळ्यांच्या ब्रांच रंगीत रेघा होऊन वर चढायच्या, एकमेकींत शिरायच्या. दुपारी बघता बघता त्यांचे आमच्या स्टेशनातले रूळ व्हायचे, उन्हात थरथरणारे, आणि मी कीबोर्डवर हात ठेवून कुठल्या कुठे निघून जायचो. इतरांकडे डिग्री होती. माझ्याकडे या रेघा. त्याच बंद केल्या, तर मी इथे काही केलं हे सांगणार कोण?

तिसरा महिना सरत आला आणि ताईंचा मेसेज आला. "तुझ्या नऊ ब्रांच उघड्या आहेत. आवर."

घाबरत एक बंद केली. लिहिलं, "ताई, एक वाढवली."

ताई उठून जागेवर आल्या. "आणखी एक? नऊ कमी पडल्या का रे?"

"वाढवली म्हणजे... दुकान वाढवतो ना आपण, तशी. बंद म्हटलं की अशुभ म्हणून वडील ओरडायचे."

त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची ओढून बसावं लागलं. मग माझ्या अहिराणीची नक्कल करत म्हणाल्या, "तुम्ही धुळ्याकडना, बठ्ठं गोड करीसनच बोलतस! आणि उरलेल्या आठ?"

खरं ते सांगून टाकलं. "बंद केल्या तर काम दिसणार नाही. मग मला ठेवाल कशावरून?"

हसणं थांबलं. मी बंद केलेली ब्रांच त्यांनी उघडून दाखवली. एकेक बदल जागच्या जागी, माझ्या स्पेलिंगच्या चुकांसकट.

"पुसलं काहीच जात नाही. इथलं काम संपलं, एवढंच कळतं. तू ते संपवतोस की नाही, हेच तर मी तीन महिने बघतेय."

आठही बंद होईपर्यंत त्या शेजारी बसून राहिल्या.

"सोमवारपासून नवीन काम घे."

"म्हणजे ताई, मी कायम..."

"म्हणजे नवीन ब्रांच काढ."

त्या गेल्या. नवीन ब्रांचला नाव काय द्यावं ते सुचेना. त्या रिकाम्या चौकटीकडे मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. पडद्यावरची अक्षरं पुसट दिसायला लागली, तेव्हा उठून तोंड धुऊन आलो.