हिरवा ठिपका

आमच्या हवा-प्रदूषणाच्या नकाशावर सोलापुरातला तो चौक कायम हिरवा दिसायचा. आजूबाजूचे सगळे ठिपके लाल, आणि एमआयडीसीचे ट्रक जिथून वळतात तोच चौक तेवढा स्वच्छ. हवेची आकडेवारी तपासणं हे माझं काम, म्हणून एका सकाळी मी तिथे जाऊन उभा राहिलो.

रस्ता झाडणारी महापालिकेची बाई आली. तोंडाला टॉवेल बांधलेला, पदर कमरेला खोचलेला. झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीतून तिने हवा मोजणाऱ्या यंत्राच्या खांबाभोवती पाणी शिंपडलं, दारात सडा घालावा तसं. तेवढी जागा हलक्या हाताने झाडली. पुढचा रस्ता मात्र कोरडाच झाडला आणि त्या धुळीत ती दिसेनाशी झाली.

मी विचारलं, "इथेच पाणी का, मावशी?"

"मुकादम म्हणले, मशीनला धुळीचा तरास हुतो. लई नाजूक असतंय म्हणं."

"आणि तुम्हाला?"

"मला काय हुतंय? मी काय मशीन हाय व्हय?" ती हसली आणि हसता हसता खोकत खाली बसली. दम परत आल्यावर तिने हळूच विचारलं, "माजं काय चुकलं का?"

"नाही," मी म्हणालो.

यंत्र तिथून हलवावं, असं मी अहवालात लिहिलं. ते हलवलंही. परवा त्या चौकातून गेलो तेव्हा ती झाडतच होती. हातात बाटली नव्हती. आता तिथे पाणी कुणासाठी मारायचं?