‘रेसिप्रोकेट’ आणि पोस्टमास्तरांची वाटी

आमच्या नागपूरच्या घरमालकांनी इंग्रजी भाषेवर जितकं प्रेम केलं, तितकं खुद्द इंग्रजांनीही केलं नसेल. इंग्रज आपली भाषा नुसती बोलत. घरमालक तिच्यातला एकेक शब्द घरी आणून आठ-आठ दिवस पोसत. मॅट्रिकला इंग्रजीनेच त्यांची दांडी उडवली होती, पण त्यांनी राग धरला नव्हता. मी कुही गावाहून नोकरीसाठी आलो आणि महाल भागातल्या त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहू लागलो, तेव्हा ते पेन्शनीत निघालेले होते आणि इंग्रजीला सबंध दिवस द्यायला मोकळे होते. दर सोमवारी सकाळी ते इंग्रजी पेपरातून एक वजनदार शब्द निवडत, डिक्शनरीत त्याचा अर्थ पाहत आणि मग डिक्शनरी मिटून ठेवत. “डिक्शनरीत शब्दाचा नुसता फोटो भेटते गा,” ते मला सांगत. “स्वभाव पाह्याचा असन तर त्याले घरात ठिवा लागते.”

त्या शब्दाचा मुक्काम असेपर्यंत कोणाची सुटका नसे. ‘प्रोव्हिजनल’च्या आठवड्यात नळ येण्याआधी दोन तांब्यांत उरकलेली आंघोळ प्रोव्हिजनल ठरे, आणि नळ आल्यावर ते पुन्हा पंचा गुंडाळून पक्की आंघोळ करत. ‘रिलक्टंट’च्या आठवड्यात त्यांची सायकल, दूधवाला, मोरीचं दार आणि जेवताना तिसरी पोळी नको म्हणणारा मी, असे आढेवेढे घेणारे सगळे रिलक्टंट होतो. ‘इन्डिस्पेन्सेबल’ आला तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आपल्या बायकोला, म्हणजे काकूंना, सांगितलं, “तू या घरात इन्डिस्पेन्सेबल आहे.” काकूंनी अर्थ विचारून घेतला आणि म्हणाल्या, “मंग रॉकेलच्या लाइनीत तुम्हीच जा. मी गेली तर घर कसं चालन?” तो सबंध आठवडा भाषेचा हा उपासक हातात डबा घेऊन उन्हात उभा होता. पण रांगेतल्या चार जणांना त्याने तो शब्द शिकवलाच.

मग एका हिवाळ्यात ‘रेसिप्रोकेट’ आला. कोणी आपल्याला जे देईल ते आपणही त्याला द्यावं, असा अर्थ. आता हा अर्थ महालात कोणाला शिकवायची गरज नव्हती. शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. दोघांचं बालपण एकाच गल्लीत गेलेलं, संध्याकाळचा चहा रोज आमच्याच ओट्यावर. दोन्ही घरांत वाट्यांची ये-जा अखंड चाले. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, एवढा नियम. ती कधी आणि काय घालून करायची, हे काकू ठरवत. पण त्या आठवड्यात घरमालकांनी तो कारभार आपल्या हाती घेतला.

सोमवारी पोस्टमास्तरांकडून नाव घातलेल्या वाटीतून सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, आल्या. घरमालकांनी काकूंना लगेच कढई चढवायला लावली आणि दिवेलागणीच्या आत त्याच वाटीतून सांबारवड्या परत पोचवल्या. पोस्टमास्तरांनी काटोलच्या मेव्हण्याकडून आलेल्या संत्र्यांतली एक टोपली दिली. हे सायकल काढून बाजारात गेले आणि तेवढ्याच आकाराची टोपली जेवणाआधी त्यांच्या दारात ठेवून आले. पोस्टमास्तरांनी यांची पिशवी फाटकापासून ओट्यापर्यंत आणून दिली, तर दुसऱ्या दिवशी यांनी त्यांच्या हातातला पानाचा पुडा ओढून घेतला आणि घरापर्यंत पोचवला. शब्दाचा उपयोग इतका बिनचूक कधीच जमला नव्हता, म्हणून स्वारी खूश होती.

शनिवारी पोस्टमास्तर चहाला आले नाहीत. घरमालक आणि मी बोलवायला गेलो तर ते दारातच उभे राहिले. “तुह्यं-माह्यं आता काही बाकी राह्यलं काय?” त्यांनी घरमालकांना शांतपणे विचारलं. “नाई ना? मंग झालं तर.” आणि दार लावून घेतलं.

पुढचा सोमवार मी पाहिलेला पहिला बिनशब्दाचा सोमवार. पेपर घडीसकट पडून होता. ओट्यावर दोन कप येत आणि एक तसाच आत जाई.

“माह्यं काय चुकलं वं?” शेवटी त्यांनी काकूंना विचारलं. “त्यानं देल्लं, मी बी देल्लं.”

“वाटी अशी परत करतेत काय?” काकू म्हणाल्या. “तिले घरात राहू द्या लागते. मांडणीवर दिसली का मानूस आठवते. तुम्ही तं पाहुना आला का त्याची चप्पल त्याच्या हातात देल्ली.”

घरमालक उठून आत गेले, काकूंनी लावलेलं सगळं दही मांजरापुढे ठेवलं आणि हात हलवत शेजारी गेले. मागोमाग मी.

“दही संपलं,” ते म्हणाले. “विरजन पाह्यजे.”

“काहून? डेअरीत नाई भेटत?”

“भेटते. पन मले तुह्याच घरचं पाह्यजे.”

“परत कधी देशीन?”

“नाई देत.”

पोस्टमास्तरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, आत गेले आणि वाटीत चमचाभर दही घेऊन आले. “वाटी माही आहे,” एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी दोन्ही कप रिकामे होऊन आत गेले. दह्याबद्दल काकू मात्र पुढे महिनाभर बोलत होत्या.

दोनेक वर्षांनी पोस्टमास्तर मुलाकडे जबलपूरला राहायला निघाले. सामान रिक्षात चढलं, तरी त्यांची वाटी आमच्याच मांडणीवर. मी ती आणायला उठलो, तर घरमालकांनी मला हाताला धरून बसवलं. “राहू दे गा. घ्याले यावं लागन त्याले.” आणि दिवाळीला पोस्टमास्तर खरंच आले. आपली वाटी चिवडा भरून घेऊन गेले आणि जाताना आपला मफलर खुंटीवर विसरले. विसरले, असं सगळ्यांनी मानलं.

माझी बदली झाली तेव्हा मला निरोप द्यायला घरमालक स्टेशनवर आले होते. गाडी हलताना त्यांनी खिडकीतून एक वाटी आत दिली. सांबारवड्यांची, वर त्यांचं नाव घातलेली. “सवडीनं आणजो,” म्हणाले. मी त्यांच्या शिकवणीला जागलो आणि वाटी ठेवून घेतली. त्यांच्या पत्रात दर वेळी विचारणा असे, “वाटी बरी आहे ना?” मी लिहीत असे, “बरी आहे, पुढच्या हिवाळ्यात घेऊन येतो.”

मग एका हिवाळ्यात त्यांच्या घरून आलेलं पत्र दुसऱ्याच कोणाच्या हातचं होतं, आणि त्यात वाटीची विचारणा नव्हती. वाटी माझ्याकडेच राहिली. ती रिकामी ठेवणं बरं वाटत नाही, म्हणून बायको तिच्यात रोज विरजण काढून ठेवते. शेजारी मागायला आले, की मी ते वाटीसकट देतो. आणि ती लवकर परत आली, तर मला जरा वाईट वाटतं.