आमचं सरकार
आपल्या सरकारला रोज जाब विचारणं हे नागरिकाचं पहिलं कर्तव्य आहे, आणि ते निष्ठेने पार पाडणारा एकच माणूस मी पाहिला. मार्मालेड लावलेल्या टोस्टचा वास आला की अजून तो आठवतो. बायकोचे काका महिनाभरासाठी आमच्याकडे अमेरिकेत सनीव्हेलला आले आणि कोविडमुळे अडकले. तिकडे इंग्लंडात, लेस्टरच्या घरी काकू एकट्याच होत्या. आमच्या न्याहारीच्या वेळी लंडनहून मंत्र्यांची पत्रकार परिषद लागायची आणि काका टोस्ट हातात धरून टीव्हीशी भांडायचे. “अरे, देशाला युरोपबाहेर काढायला चार वर्षं घोळ घातलात, आता मला घरात घ्यायला किती घालणार?” विमान दुसऱ्यांदा कॅन्सल झालं त्या सकाळी मात्र ते भांडले नाहीत. टोस्ट तसाच ठेवून नुसते काकूंच्या फोनची वाट बघत बसले. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, “काका, ते सरकारच बिनडोक आहे.” काका एकदम ताठ झाले. “जावईबापू, आमच्या सरकारला आम्ही बोलू. तुम्ही तुमचं बघा, त्यांनी कोणते दिवे लावलेत!” अखेर तिसरं विमान सुटणार असं ठरलं. मी त्यांना पोचवायला विमानतळावर गेलो, तेव्हा काउंटरवर त्यांनी खिशातून पासपोर्ट काढला. चाळीस वर्षं लेस्टरला राहिलेल्या काकांचा पासपोर्ट भारतीय होता.