गाडलेलं झाकण

आईबापांनी ठेवलेलं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. सतरा वर्षं लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली पाणी सोडत फिरल्यावर माणसाचं जे होतं तेच त्यांचं झालं: सगळ्यांचे ते चावीवाले काका. निवृत्तीला दीड वर्ष होतं. गुडघे कुरकुरत होते आणि उजवा खांदा केव्हाच संपावर गेला होता.

त्यातच बंद पडलेल्या ओतकामाच्या कारखान्यामागे पाण्याची मोठी लाइन फुटली. दुरुस्तीआधी तिचा व्हॉल्व्ह बंद करायला हवा होता. पण रस्ता उंच करताना ठेकेदाराने व्हॉल्व्हचं झाकणच मातीच्या भरावाखाली गाडलं होतं. ते नेमकं कुठे आहे हे ठाऊक असलेला आधीचा चावीवाला आता या जगात नव्हता. झाकण सापडलं नाही, तर अख्ख्या भागाचं पाणी तीन दिवस तोडावं लागणार होतं.

पाणी खात्याच्या इंजिनिअर मॅडमनी काकांच्या हाती धातू शोधायचं यंत्र ठेवलं. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती.

"झाकणावर गेलं की वाजेल, काका. सोपं आहे."

"सोपं आहे तर तुम्हीच चला ना, मॅडम."

मॅडम हसल्या, आल्या मात्र नाहीत.

यंत्र झाकणावर वाजणार होतं खरं, पण ते सगळीकडेच वाजत होतं. कारखान्याने वर्षानुवर्षं त्या जागेवर लोखंडाची मळी, खिळे, तुटके साचे टाकले होते. नळाच्या नोकरीआधी काका तिथेच कामाला होते. त्या कचऱ्याच्या कितीतरी ढकलगाड्या त्यांनी स्वतः ओतल्या होत्या. तक्रार तरी कुणाकडे करणार? संध्याकाळपर्यंत नऊ खड्डे झाले.

"काय सापडलं?" घरी बायकोने विचारलं.

"खिळे."

"मोठे की लहान?"

"सगळ्या वयाचे," म्हणत काका तिथेच भिंतीला टेकले. बायकोने खांद्याला तेल चोळलं.

दुसऱ्या दिवशी खात्याच्या स्टोअरकीपरने फोनवर तोडगा सांगितला, "यंत्रात लोखंड वगळायचं बटण आहे, ते दाबा." दाबलं. यंत्र गप्प झालं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणत काका दुपारपर्यंत निवांत फिरले. मग बाटली तोंडाला लावताना त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला: झाकणही लोखंडाचंच! बटण पुन्हा बंद करून ते डोकं धरून मातीत बसले. स्वतःवर चिडायलाही अंगात त्राण नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भंगारवाली मावशी आली. दोरीला बांधलेलं मोठं लोहचुंबक जमिनीवरून ओढत ती तिथलं लोखंड वेचायची. बराच वेळ तिने काकांकडे पाहिलं.

"अहो भाऊ, प्रत्येक खिळ्याचं काय ऐकत बसलात?"

"मग काय करू? सगळेच ओरडतात."

"माझं चुंबक वर धरलं की त्याची ओढ खालच्या खिळ्यापर्यंत पोचत नाही. मोठा तुकडा मात्र वरूनही जाणवतो. तुमचं ते ताट उचलून बघा की जरा."

काकांनी चकती जमिनीपासून हातभर वर धरली. यंत्र शांत झालं. चार पावलं गेले, शांतच. वरचा कचरा तरीही मधूनच कुरकुरायचा, म्हणून दोघांनी ठरवलं: मावशीने चुंबक घेऊन पुढे जायचं, निघेल ते लोखंड तिचं, मागून काकांनी सावकाश यंत्र फिरवायचं. आवाज आला की आधी उभं, मग आडवं फिरवून बघायचं. पातळ पट्टी एका बाजूने वाजायची, दुसऱ्या बाजूने मिटायची. त्यातूनही दोन खड्डे फुकट गेले. एकात अख्खं गाडीचं चाक निघालं, तेव्हा मावशीच तेवढी खूश झाली.

चौथ्या दिवशी दुपारी, चकती हातभर वर असताना, एक जाड, भरलेला आवाज आला. उभं फिरवलं, आडवं फिरवलं, आवाज हलेना.

"हा पोटातून बोलतोय," काका म्हणाले.

दीड हात खोल खणल्यावर पहार टणकन वाजली. झाकण! काकांना वाटलं होतं आनंद होईल. पण त्यांनी पहार खाली ठेवली आणि डोळे मिटून घेतले. चावी फिरवायला तिघे लागले. संध्याकाळी लाइन जोडली गेली, तीन दिवस पाणी कुणाचंच तुटलं नाही.

मॅडम स्वतः आल्या. "काका, आता तुम्ही तयार झालात. अशी अजून अकरा झाकणं आहेत."

"शिकलो हेच चुकलं माझं," काका म्हणाले. "करतो. पण खणायला दुसरा माणूस द्या आणि मावशीला जागेत येऊ द्या. तिच्याशिवाय मी यंत्राला हात लावणार नाही."

मॅडमनी दोन्ही कबूल केलं.

परतताना गल्लीतल्या एका बाईने दारातून हाक मारली, "चावीवाले, पाणी गढूळ येतंय हो!"

"लाइन नवी जोडलीय, ताई. थोडं वाहू द्या, निवळेल."

ती पुटपुटत आत गेली. काका तिच्याच पायरीवर टेकले. आतून बादलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. गुडघे उठायला तयार होईपर्यंत ते तो ऐकत बसले.