पहिल्या सीटवरचा गुलाबी रुमाल

मी आठ वर्षांत एकदाही एसटीत उभी राहिलेली नाही.

ही फुशारकी नाही. पुढं जे झालं त्याचं मूळ यातच आहे, म्हणून आधी सांगून टाकते. मी राहते अंबडला आणि नोकरीला होते एका पतसंस्थेच्या वडीगोद्री शाखेत. रोज सकाळी स्टँडमध्ये गाडी वळण घेत असतानाच मी खिडकीतून रुमाल आत टाकायची. गाडी फलाटाला लागेस्तोवर माझी सीट झालेली असायची. रुमालाच्या कोपऱ्यात एका जुन्या कुलपाची किल्ली बांधलेली, म्हणजे तो वाऱ्यानं भरकटत नाही, नेमका सीटवर पडतो. आणि आमच्याकडं रुमाल पडला की विषय संपला. मग सरपंच येवो नाहीतर फौजदार, दुसऱ्याचा रुमाल उचलून कुणी बसत नाही. माझा गुलाबी फुलांचा रुमाल तर त्या रूटचे कंडक्टरसुद्धा ओळखायचे.

पण कितीही झालं तरी रोजचं जाणं-येणं ते. मला कंटाळा आला होता. अंबडच्या शाखेतली एक जागा त्या जूनमध्ये रिकामी होणार होती, आणि ती शाखा माझ्या घरापासून चालत सात मिनिटांवर. दुपारी घरी जायचं, गरम भाकरी खायची आणि परत कामाला यायचं, एवढीच माझी इच्छा होती. (आठ वर्षं गार भाकरी खाल्लेल्या माणसालाच यातलं सुख कळेल.) मी रीतसर अर्ज दिला. आमच्या साहेबांनी, म्हणजे संस्थेच्या मॅनेजरांनी, तो वाचला आणि "बघू" म्हणाले. साहेबांचं "बघू" दोन प्रकारचं असतं. एकात ते बघतात, दुसऱ्यात बघत नाहीत. हे कोणतं, ते कळंना.

तेवढ्यात संस्थेची सहल ठरली. सहकुटुंब, पुण्याच्या पुढं, मोठाल्या पाळण्यांच्या पार्कात. मी मनाशी पक्कं केलं की या सहलीत साहेबांच्या नजरेत भरायचं. सोबत आमचे मिस्टर होते. ते शाळेत शिक्षक आहेत, कमी बोलतात आणि बहुतेक वेळा बरोबर बोलतात. माणसात एखादा दोष असायचाच.

साहेब म्हणजे भरघोस मिशांचा, भारदस्त माणूस. प्रत्येक मीटिंगमध्ये त्यांचं एक वाक्य ठरलेलं, माणसानं डेरिंग ठेवावं. सहलीच्या गाडीत त्यांनी सगळ्यांना सांगितलं की तरुणपणी ते विहिरीच्या काठावरून नाही, काठावरच्या झाडावरून उडी मारायचे. वहिनी, म्हणजे साहेबांच्या मिसेस, शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी यावर काहीच मत दिलं नाही.

पार्कात पोचलो. पहिल्या पाळण्यापाशी साहेबांनी रांगेकडं बघितलं आणि म्हणाले, लईच गर्दी आहे, मला काही जागा मिळत न्हाई, तुम्ही जा, मी सामान सांभाळतो. दुसऱ्या पाळण्याला तेच. तिसऱ्यालाही तेच. दुपारपर्यंत आमच्या संस्थेचे मॅनेजर एका झाडाखाली बसून अठरा जणांच्या चपला, सात पर्सा आणि एक चिवड्याचा डबा राखत होते. माझ्या जिवाला फार लागलं. मी इथं जिवंत असताना माझ्या साहेबांना जागा मिळत नाही म्हणजे काय?

मी मिस्टरांना तसं बोलले. ते कणीस खात होते.

"आगं, त्यांना बसायचंच न्हाई," ते म्हणाले.

"ते स्वतः म्हणून राह्यले, जागा मिळत न्हाई म्हणून."

"मंग मिळू देऊ नको."

एवढं बोलून त्यांनी कणसाची दुसरी बाजू खायला घेतली. मला वाटलं, बायकोचं भलं होताना नवऱ्यांना बघवत नाही ते असं.

आधी मी त्या झुलणाऱ्या मोठ्या जहाजापासून सुरुवात केली. गेट उघडताच आत शिरले आणि शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यावर रुमाल टाकला. एसटीत कोपऱ्याच्या सीटला मान असतो, त्या हिशोबानं. मग तिथूनच साहेबांना हाका मारल्या. साहेबांनी आधी मागं वळून बघितलं, आणखी कुणी साहेब आलेत का ते. पण तोवर सगळा स्टाफ त्यांच्याकडं बघायला लागला होता, आणि चपला राखायला आमचे मिस्टर आपणहून पुढं झाले. साहेब आले, बसले. त्या जहाजाचं टोकच सगळ्यात उंच जातं, हे मला खालून बघताना कळलं. उतरल्यावर साहेब दहा मिनिटं बाकावर बसून होते. मी विचारलं, कसं वाटलं? ते म्हणाले, "बराबर हाय," आणि अर्धी बाटली पाणी प्यायले. मी काम झालं असं धरलं.

मिस्टर म्हणाले, बास आता. पण मला तेवढ्यात त्या पार्कातला सगळ्यात मोठा रोलर कोस्टर दिसला.

तिथं लोखंडी कठडे होते आणि कठड्यांमागं तोबा गर्दी. गाडी आली ती अगदी सावकाश, वळण घेत, हुबेहूब अंबडच्या स्टँडसारखी. मी काही विचार केला असं मला आठवत नाही. हातानंच केलं सगळं. रुमाल कठड्यावरून गेला आणि पहिल्या रांगेतल्या पहिल्या सीटवर बरोबर मधोमध पडला. लगेच शिट्टी वाजली. तिथला माणूस धावत आला, हा कपडा कुणाचा म्हणून विचारू लागला. मी सांगितलं, आमच्या साहेबांची सीट आहे. तो हिंदीत म्हणाला, मॅडम, यहाँ ऐसा नहीं चलता. त्यावर माझ्या मागून, परभणीकडचे कुणीतरी होते, ते बोलले, असं कसं, बाईंचा रुमाल आधी पडलाय, आम्ही सगळ्यांनी बघितलाय. त्यांच्या घरचे पाच-सहा जणही हो हो म्हणाले. तो माणूस एकटा पडला. त्यानं रुमाल माझ्या हातात दिला आणि पुढच्या फेरीची पहिली रांग तुमचीच, पण आता शांत व्हा, असं हात जोडून सांगितलं.

साहेबांना बोलावणं गेलं. ते आले आणि गुडघा दुखतोय म्हणाले. वहिनी सोबत होत्याच.

"आवो, गुडघ्याचं काय काम हाय त्यात? बसायचंच तर हाय. बाईनं येवढी जागा धरली तुमच्यासाठी."

साहेब बसले. मी मानानं रुमाल त्यांच्या हातात दिला. ते हळू आवाजात म्हणाले, मॅडम, तुम्ही बी बसा. ती विनंती नव्हती, म्हणून मीही शेजारी बसले.

गाडी चढायला लागली. खालून कट कट कट आवाज येत होता. साहेबांनी विचारलं, हे मधी कुठं थांबतं का? मी म्हटलं, विनाथांबा असेल, साहेब. मग अगदी टोकाला, जिथून पुढं रूळच दिसत नव्हते, तिथं गाडी क्षणभर रेंगाळली. साहेबांनी माझं मनगट पकडलं.

"खरात मॅडम, अंबड तुमचं. आत्ता देतो. फक्त ही गाडी थांबवा."

आठ वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते त्या उंचीवर, ढगात, मला मिळालं. आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं काय करायचं ते मला ठाऊक होतं. मी हात वर केला आणि घंटीची दोरी शोधू लागले. दोरी नव्हती. मी मागं ओरडले, "कंडक्टर, बेल मारा!" पण कंडक्टरही नव्हता. अंबडची शाखा एकूण पाच सेकंद माझ्याकडं होती. मग गाडी खाली सुटली. मी बुद्धवंदनेतलं त्रिशरण म्हणायला सुरुवात केली, पण पहिलं 'बुद्धं सरणं' पुरं व्हायच्या आत आम्ही दोनदा उलटे होऊन आलो होतो.

खाली उतरल्यावर बाहेरच्या वाटेवर एक मोठा पडदा होता. वर जाताना-येताना फोटो काढतात हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पडद्यावर साहेब होते. डोळे गच्च मिटलेले, एका हातात माझी वेणी आणि तोंडात माझा अख्खा रुमाल. शेजारी मी, एक हात आभाळात घालून दोरी शोधणारी. समोर सगळा स्टाफ उभा होता. कुणी हसलं नाही. हसू दाबणारी अठरा माणसं एकत्र उभी राहिली की फार शांतता होते.

दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. मिस्टरांनी माझा दंडसुद्धा दाबला. पण मला वाटलं, साहेबांना अवघडल्यासारखं झालंय, आपणच सावरून घ्यावं. मी म्हटलं, "साहेब, फोटो छान आलाय," आणि तिथल्या तिथं तो फ्रेम करून घेऊन वहिनींना भेट दिला. वहिनी हसता हसता खालीच बसल्या. हा मी बैठकीत लावणार, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसंल असा, असं त्या म्हणाल्या. मी त्याच भरात साहेबांना अंबडची आठवण करून दिली. साहेब म्हणाले, "बघू." या वेळी मला प्रकार ओळखू आला.

रुमाल काही मी परत मागितला नाही. मागणार तरी कसा?

पंधरा दिवसांत बदलीची ऑर्डर आली. टेंभुर्णी. म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, आधी अंबडहून जालना, मग जालन्यात गाडी बदलून पुढं. गार भाकरीसुद्धा आता दोन एसट्या बदलून खायची. मी खरंच रडले. मिस्टरांनी ऑर्डर वाचली, घडी करून ठेवली आणि कपाटातून दोन रुमाल काढून माझ्या पर्समध्ये टाकले. एक अंबडच्या गाडीसाठी, एक जालन्याच्या. बोलले मात्र काहीच नाहीत, याचा मला जास्त राग आला.

पहिल्या दिवशी टेंभुर्णीला पोचले. तिथले शिपाई, रिटायर व्हायला आलेले, त्यांनी मला माझं टेबल दाखवलं. खुर्चीवर गुलाबी फुलांचा रुमाल होता. धुतलेला, इस्त्री केलेला, नीट चौघडी घातलेली, आणि कोपऱ्यात ती जुनी किल्ली तशीच बांधलेली.

"साहेब काल स्वतः आल्ते," शिपाई म्हणाले. "ठेवून गेले. म्हणले, खरात मॅडम येईपर्यंत इथं दुसऱ्या कुणाला बसू देऊ नका."

रुमाल माझा होता आणि नियमही माझाच. तक्रार करणार तरी कुणाकडं? मी तो उचलला आणि बसले.