सव्वा मापाची फसफस

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी दुबईजवळ अजमानला मुलाकडे राहायला आले, तेव्हा मला सगळं येत होतं. आता सत्तरी ओलांडली तसं एकेक येईनासं झालंय, आणि घर त्यामुळे जास्त सुरक्षित आहे.

तेव्हाच्या त्या सर्वज्ञ बाईला, म्हणजे मला, आल्याची बिअर करायचा नाद होता. आलं, साखर, लिंबू, पाणी आणि चिमूटभर यीस्ट. प्लास्टिकच्या बाटलीत भरायचं, बूच घट्ट लावायचं आणि दुसऱ्या दिवशी बाटली हाताला कडक लागली की फ्रिजमध्ये. गारव्यात यीस्ट झोपतं. नुसती फसफस उरते, नशा नाही. मुलाला मात्र बिअर हा शब्दच नको होता. "आई, नुसता शब्द बाहेर गेला तरी माझा व्हिसा खलास!" म्हणून आम्ही तिला फसफसच म्हणायचो. नात तेवढी ऐकायची नाही. "आजी, इट्स बिअर."

समोरच्या फ्लॅटमध्ये खेडकडची एक मुसलमान बाई राहायची. माझ्याहून बरीच लहान, मला काकी म्हणायची. तिच्या मुलीची मंगनी ठरली. आधीचं एक स्थळ ऐन वेळी मोडलेलं, त्यामुळे तिला धड जेवण जात नव्हतं. त्यातून नवऱ्यामुलाचे आजोबा हाजी, धर्माला फार कडक.

"काकी, पाहुण्यांना तुमची फसफस देऊया का? पण त्यात तसलं काही नाही ना?"

"अगं, लहान मुलं पितात!"

एका बाटलीचं माप मला पाठ होतं. पाहुण्यांच्या हिशेबाने गुणाकार केला, आणि शुभकार्य म्हणून साखर-यीस्ट सव्वापट घेतलं. सत्यनारायणाच्या शिऱ्याला घेतो ना, तसं. शिऱ्यातला सव्वापट रवा गप्प बसतो, यीस्ट बसत नाही, हे त्या बाईला कोण सांगणार? मोठ्या पातेल्यात कालवून बाटल्या भरल्या, तर त्या फ्रिजमध्ये मावेनात. मग मंगनीपर्यंतचे तीन दिवस ठेवल्या स्टोअरच्या खोलीत. तिथे एसी नाही, आणि ऑगस्टात आमच्याकडे थंड पाण्याच्या नळालाही चहाचं पाणी येतं.

मंगनीच्या संध्याकाळी मी साडी नेसून बाहेर आले, तर सून म्हणाली, "समोरच्या भाभी बाटल्या घेऊन गेल्या. पाहुणे आलेत."

स्टोअरमध्ये दोन बाटल्या उरल्या होत्या. बुडं फुगल्यामुळे त्या आडव्या पडलेल्या. खोलीत बेकरीसारखा वास. एक उघडली, तशी अर्धी छतावर गेली. उरलेल्यातला घोट घेतला. गोडवा जवळजवळ गेला होता आणि घशाखाली ओळखीची ऊब उतरली. ओळख म्हणजे काय, भावाच्या लग्नात चोरून घेतलेल्या एका घोटाची.

मी अनवाणीच पळाले. समोरचं दार उघडं होतं. आत हशा चाललेला. बाटली उघडताना कारंजं उडालं होतं आणि शेजारीण टेबल पुसत होती. हाजींच्या हातात पहिला ग्लास, वरपर्यंत नुसता फेस. तो बसायची ते वाट पाहत होते. हलकेच फुंकर घालत होते.

'दारू झालीय' म्हणावं, तर या घराने आम्हाला दारू वाढली, एवढंच त्यांना ऐकू जाणार आणि मंगनी मोडणार. गप्प बसावं, तर फेस खाली खाली चाललेला.

"बिस्मिल्ला," म्हणून हाजींनी ग्लास ओठांकडे नेला.

"पाल!" मी ओरडले.

सगळे पाय वर घेऊन छताकडे बघायला लागले.

"इथे नाही हो. माझ्या पातेल्यात. धुवायचं राहिलं होतं, आत्ता तळाशी सापडली. मेलेली. यांचा काही दोष नाही, हे सगळं माझ्या घरून आलंय. माझ्या स्वयंपाकघरात... असतात पाली."

हाजींनी ग्लास असा खाली ठेवला, की जणू तो चावणार होता. नवऱ्यामुलाच्या आईने मला डोक्यापासून अनवाणी पायांपर्यंत न्याहाळलं. आणि उभ्या जन्मात माझ्या ओट्यावर मुंगीसुद्धा फिरकली नव्हती!

मी हाजींचा ग्लास उचलला, बाटल्या पदरात गोळा केल्या आणि आत नेल्या. शेजारीण माझ्यामागून स्वयंपाकघरात आली आणि तिने दार लावून घेतलं. डोळे भरलेले.

"काकी, आजच? पाल?"

मी ग्लास तिच्या नाकाशी धरला. तिचा चेहरा पांढरा पडला. तिने नळ सोडला. मी बाटल्या उलट्या करत होते, फेस सिंकमधून वर येत होता आणि आम्ही दोघी तो हातांनी खाली दाबत होतो. बाहेरून कुणीतरी विचारलं, "दुसरं काही आहे का प्यायला?"

"आणते, आणते!" ती ओरडली, आणि फ्रिजमधून संत्र्याचा रस काढला.

अंगठ्या झाल्या. लग्नही झालं. मुलीच्या सासरी मला दर ईदला आग्रहाने बोलावतात, शिरखुर्मा वाढतात. मी काही करून नेलं, की मुलीची सासू डबा दोन्ही हातांनी घेते, "तकलीफ कशाला केलीत?" म्हणते आणि तो फ्रिजवर ठेवते. निघताना डबा तसाच परत.

गेल्या ईदला करंज्या नेल्या होत्या. परतताना लिफ्टमध्ये शेजारणीने डबा उघडला.

"काकी, आता तरी खरं सांगून टाकू का त्यांना?"

"हाजी आहेत ना अजून?"

"आहेत की. ठणठणीत!"

"मग पालच बरी," मी म्हटलं, आणि एक करंजी उचलली.