सुनंदाचे डोंगर भिंतीवरच राहतील

माझ्या बायकोच्या बशा मी कोणालाही देणार नाही.

सुनंदाला जाऊन आज वर्ष झालं. सकाळपासून आलेला प्रत्येक जण आधी भिंतीकडे बघतो, म्हणून इथे लिहून टाकतो.

धुळ्यातल्या आमच्या हॉलमध्ये इंग्लंडच्या मातीच्या बशा टांगलेल्या आहेत. तिथले कुंभार त्या आपल्या स्टुडिओत घडवतात आणि स्वतः रंगवतात. डोंगर, कुरणं, दगडी कुंपणं, मेंढ्या.

आमची मुलगी तिथे नर्स आहे. रविवारी जुन्या बाजारातून ती व्हिडिओ कॉल लावायची. इकडे सुनंदा मेथी निवडता निवडता बशा निवडायची.

"उलटी कर. खाली नाव हाताने लिहिलंय का?"

"हो गं आई."

"आता झाड दाखव. नको, हे छापलेलं आहे. ब्रशची ओढ दिसली पाहिजे."

तिचं माहेर शिरपूरकडचं. एकदा एक निळा डोंगर बघून ओरडली, "हाऊ ते आपला सातपुडाच शे!"

लोक हसायचे. "वहिनी, जेवायला स्टील आणि बघायला बशा?"

"मग तुम्ही टीव्हीत जेवता का, भाऊ?"

हा कसला छंद, असं अजूनही विचारतात. तिला आवडायच्या. एवढं कारण पुरे आहे.

माझी मोठी बहीण, अक्का, मात्र कधी हसली नाही. विलायती बशांत हाडांची पूड असते, असं तिने ऐकलेलं. "हाडकासना भांडा शेतस. घरमा नको."

मुलीने विकणाऱ्यांना विचारून सांगितलं, ही नुसती माती आहे. अक्काला पटलं नाही. एकही बशी कधी स्वयंपाकघरात गेली नाही.

आज अक्का चुलीवर खापर उपडं घालून त्यावर पुरणपोळ्या भाजत होती. म्हणाली, "वरीस झालं. आता त्या काढ आणि देऊन टाक."

"नाही," मी म्हणालो. "अक्का, तुझं खापर कशाचं?"

"मातीचं."

"ही पण मातीच."

मी सातपुड्याची बशी भिंतीवरून काढली, धुतली आणि सुनंदाच्या नावाची पहिली पोळी तिच्यावर ठेवली.

अक्काने वाकून बशी बघितली.

"पोळी मोठी शे. डोंगर झाकाई गया."

मग तिनेच पोळीची घडी घातली. डोंगर दिसायला लागला.

बशी आता परत आपल्या खिळ्यावर आहे.

सुनंदा, तुझे डोंगर कुठेही जाणार नाहीत. माझा नमस्कार.